ब्रेकरमीमांसा

विहिरीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पावसावर लिहिले गेले, भाऊबंदकीवर तर कपाटे भरतील. परंतु गावातल्या रस्त्यावर गतिरोधक नेमका कोणाच्या दारापुढे बसवावा, या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी आजवर झालेली नाही. ती उणीव प्रस्तुत लेखक येथे भरून काढीत आहे.

आधी प्रमाणग्रंथ पाहू. 1927 साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली आणि 1988 मध्ये या संस्थेने गतिरोधकाचे माप घालून दिले : 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर. वरून वाहन ताशी 25 किलोमीटरने सुखरूप जावे. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेव्हा या विषयाला विद्वत्तेचे वावडे असण्याचे कारण नाही. गावोगावच्या प्रतींत मात्र मोठे पाठभेद आढळतात. तिथे रुंदी पाऊल-दीड पाऊल, आणि उंची शेवटच्या अपघातावर अवलंबून. मोटारसायकलवाला नुसता घसरला असेल तर घोट्याएवढी. शाळेतले पोर थोडक्यात वाचले असेल तर गुडघ्याच्या वाटेला लागलेली.

आता गावाचे मत घेण्याचा विधी. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतले जे कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. घटनाकारांना जे साधले नाही ते या एका तरतुदीने साधले : जे आले ते गाव. उरलेले गाव समोरच्या टपरीवर बसून आत काय चालले आहे यावर भाष्य करीत असते. लेखकाच्या मते खरी सभा तीच. फक्त तिचे प्रोसिडिंग कोणी लिहीत नाही.

सभेत पहिला मुद्दा उभ्या वाहनांचा निघतो. मोटार वाहन कायद्याचे 117 वे कलम सांगते की वाहने कुठे उभी करावीत हे शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवावे. गावात हा सल्ला गाडी उभी केल्यानंतर, हॉर्नच्या आवाजात होतो. अभ्यासकाने इथे दोन जाती नीट वेगळ्या कराव्यात. पहिली ‘दोन मिनिटांत आलो’ जातीची. तिच्यात वडापची जीप येते, छोटा हत्ती येतो आणि किराणा घ्यायला थांबलेला पाहुणाही येतो. ही उपद्रवी खरी, पण तिला चालक असतो आणि शिव्या पोहोचवायला पत्ता असतो. दुसरी जात ट्रॅक्टर सोडून घेतलेल्या ट्रॉलीची. पुढच्या दांडीखाली दगडाचा टेकू, चाकाला विटेची अटक, मागे दिवा नाही, निम्मी साइडपट्टीवर आणि निम्मी डांबरावर. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाने आणि आरटीओ मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. दिवाळीनंतर महिन्याभरात त्यावर चिखलाचा थर बसतो. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. एवढे एक वाक्य या ग्रंथात थट्टेचे नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे ब्रेकरवर, सभा पेटते. प्रातिनिधिक संवाद असा :

“ब्रेकर पाहिजेच, सरपंच. माझ्या दारात नको एवढंच. आईला झोप लागत नाही.”

“मग कुणाच्या दारात टाकू, तात्या?”

“ते तुम्ही ठरवा. सभा कशाला बोलावलीय?”

वरवर पाहता हा स्वार्थ वाटतो. पण सूक्ष्म विचार केला तर तात्यांच्या बोलण्यात ध्वनिशास्त्र आहे. कारखान्यावर ऊस रिकामा करून रात्री दोन वाजता परतणाऱ्या जोडट्रॉल्या ब्रेकरवरून उडतात तेव्हा जो खणखणाट होतो, त्याने गोठ्यातली म्हैसही उठून उभी राहते. उलट, भरलेली ट्रॉली त्याच ब्रेकरवर मंदावते आणि तिच्यातून चार-दोन ऊस ओघळतात. पोरांना मागून ओढायलाही सवड मिळते. त्यामुळे ज्यांच्या घरी बारकी पोरे आहेत त्यांचा ब्रेकरला पाठिंबा, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांचा विरोध. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत ते सभेला येत नाहीत. यावरून दारसिद्धान्त निष्पन्न होतो : गतिरोधकाला सर्व गावाची संमती असते, आणि प्रत्येक जागेला त्या जागेच्या घराची हरकत असते.

महिलांच्या सभेची नोंद इथे करायला हवी. नियमित ग्रामसभेआधी ती स्वतंत्र घ्यावी असा कायदाच आहे. लेखकाने ज्या गावचे प्रोसिडिंग पाहिले, तिथे बायकांनी ब्रेकरवर वेळच घालवला नव्हता. एस.टी. शाळेच्या फाटकासमोर थांबते, ती पन्नास पावले पुढे थांबवा; सोडलेल्या ट्रॉल्या गायरानाच्या कडेला लावा; वळणावरचा दिवा दुरुस्त करा. चार ओळींत विषय संपला. मुख्य सभेत या ओळी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचून दाखवल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग दीड तास ब्रेकरवर चर्चा झाली. तात्यांच्या आईला झोप का लागत नाही, हे विचारायला महिलांच्या सभेत कोणी गेले असते तर कदाचित हा ग्रंथ लिहावा लागला नसता.

यानंतर रस्ता कोणाचा हा उपप्रश्न निघतो. 1943 साली देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी लावून दिली : राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे प्रमुख, जिल्ह्याचे इतर आणि गावचे. गावाच्या मधून जाणारा रस्ता सहसा गावचा नसतो. त्यामुळे ठराव झाला, सूचक-अनुमोदक लागले, तरी ग्रामपंचायत बांधकाम विभागाला फक्त पत्र लिहू शकते. आमच्या गावच्या ठरावाची भाषा आदर्श होती : “गतिरोधक बसविण्यास ही सभा एकमताने मंजुरी देत आहे. जागा नंतर निश्चित करण्यात यावी.”

पत्राचे उत्तर यायच्या आत एका पहाटे ब्रेकर अवतरला. मुरूम, वरून उरलेले डांबर, पांढरे पट्टे नाहीत. तो कोणी टाकला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जागेविषयी मात्र दारसिद्धान्ताने आधीच भाकीत केले होते. तो गावातल्या एकमेव कुलूपबंद घरापुढे आला. मालक भोसरीला असतो, नाव तिकडच्या मतदार यादीत, हरकत घ्यायला दारात कोणी नाही.

चैत्रात यात्रेला मालक आला. रात्रीच्या अंधारात त्याच्या गाडीचे बूड ब्रेकरला घासले. तो उतरला, वाकून गाडीखाली बघितले, आणि गाडी तिथेच रस्त्यात सोडून तडक सरपंचांच्या घरी गेला. “माझ्या दारात टाकताना मला कुणी विचारलं का?” हा त्याचा सवाल भाऊसाहेबांनी पुढच्या सभेच्या ऐनवेळच्या विषयांत टिपून ठेवला आहे. तोवर मागे एस.टी. अडकली होती आणि कंडक्टर खाली उतरून गाडी कोणाची म्हणून विचारीत होता.