मुदतवाढ

सरकारच्या नव्या योजनेचा पहिला प्रयोग आपल्या अंगावर करवून घेण्याचा मान कोणत्या तालुक्याकडे जातो, याचा शोध घेण्यास कुणी निघालाच, तर त्याने फार लांब न जाता इंदापूरच्या एस.टी.त बसावे, असे मी सुचवीन. पेशवाई बुडून जेमतेम एक तप लोटले होते, तोच प्रिंगल नावाच्या एका विद्वान साहेबाने दख्खनच्या जमिनीची मोजणी करून, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत लागवडीचा खर्च वजा जाता किती उत्पन्न उरते याची कोष्टके मांडून, त्या निव्वळ उत्पन्नातील शेकडा ५५ हिस्सा सरकारचा असा सिद्धान्त प्रस्थापित केला. आणि १८३० च्या सुमारास ही जमाबंदी इंदापुरास लागू झाली. हिशेब कागदावर निर्दोष होता, आणि विलायतेत ज्या आचार्यांपाशी साहेब अर्थशास्त्र शिकले, त्यांनीही पाठ थोपटावी इतका तो शास्त्रशुद्ध होता. मात्र धान्याचे भाव उतरले, इंदापूरचा पाऊस कोष्टकात बसेना, मोजणीवरच्या कारकुनांनी हलकी जमीन भारी आणि भारी जमीन हलकी करण्याचे काम ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे करून दिले, आणि अखेर रयत आपला संसार बैलांच्या पाठीवर घालून निजामाच्या मुलखात निघून गेली. साहेबांचा सिद्धान्त तेवढा मागे राहिला.

मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड हे मुलकी अंमलदार आणि लेफ्टनंट विन्गेट हे इंजिनिअर, असे दोघे त्याच इंदापुरात उतरले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. माती किती हात खोल आहे, काळी आहे की तांबडी, चुनखडी किती आणि उतार कितीसा हे शेतात उभे राहून पाहिले, आण्यांत प्रत लावली, दर उतरवला, आणि तो पुढली ३० वर्षे हलणार नाही असे रयतेस सांगून टाकले. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. पहिली आवृत्ती कोसळल्यावर दुसरी आवृत्ती काढताना ती आधीपेक्षा सोपी करावी आणि मग तीस वर्षे तिला हात लावू नये, हे शहाणपण ज्या तालुक्यात प्रथम अंमलात आले, त्या तालुक्याचा मी खातेदार आहे. तेव्हा सध्याच्या आवृत्त्यांविषयी दोन शब्द बोलण्याचा मला वंशपरंपरेने अधिकार पोहोचतो.

या दोन साहेबांच्या व्यवस्थेतूनच यथावकाश सातबारा जन्मास आला. नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते लिहितात आणि नमुना बारामध्ये तीत काय पिकते ते. आणि हा बारावा नमुना भरण्यासाठी शेताची पाहणी व्हावी लागते. पूर्वी हे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. १ मे १९५१ रोजी कुलकर्णी वतने कायद्याने संपली आणि दप्तर सर्वस्वी पगारी तलाठ्याच्या स्वाधीन झाले. तलाठी पाहणी कशी करीत, याविषयी खेडोपाडी ज्या आख्यायिका आहेत त्यांत अतिशयोक्तीचा भाग असणारच, पण चावडीच्या सावलीतून, चहाचा पेला हाती असता, साऱ्या शिवाराची पाहणी उरकणारी दिव्यदृष्टी त्या पेशात दुर्मीळ नव्हती. गतसाली ज्या गटात ऊस लागला त्यात यंदाही ऊसच लागे, मग तेथे प्रत्यक्षात कांदा का असेना. तरीही त्या व्यवस्थेत एक मोठी सोय होती, व ती म्हणजे भांडावयास समोर माणूस होता. चूक झाली की चावडीवर जावे, मनसोक्त बोलून घ्यावे, तलाठ्यानेही दोन शब्द ऐकवावेत, आणि मग उभयतांनी बसून फेरफार करावा, असा तो रिवाज होता. मनुष्याच्या संतापास एक चेहरा लागतो, आणि सरकार तो दरमहा पगार देऊन गावातच पुरवीत असे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. टाटा ट्रस्टचे साह्य घेऊन तयार केलेले हे अॅप, शेतकऱ्याने आपल्या वावरात स्वतः उभे राहावे, पिकाचे छायाचित्र काढावे, आणि आपला पीकपेरा आपणच नोंदवावा, अशा उदात्त हेतूने अवतरले; आणि हेतूविषयी माझ्या मनात आजही किंतु नाही. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभावाची खरेदी हे सारे ज्या नोंदीवर अवलंबून, ती ज्याची त्याने करावी, यात वावगे काय? परंतु एका राज्यातील समस्त खातेदार एकाच पंधरवड्यात एकाच दारावर थाप मारू लागले की त्या दाराची जी अवस्था व्हावयाची ती झाली. सर्व्हर मंद चालतो, माहिती वर जात नाही, अशा तक्रारी पहिल्याच हंगामात ठिकठिकाणांहून आल्या, मुदत वाढवावी लागली, आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरीप्रमाणे मुदतवाढ हेही आमच्याकडे एक हंगामी पीक होऊन बसले आहे.

मात्र माझी प्रस्तुतची फिर्याद सरकारविरुद्ध नाही. ती ज्या कंपनीने आमच्या शेजारच्या आबांच्या हातातला फोन बनवला, तिच्याविरुद्ध आहे. तिचे नाव मी घेत नाही. ती बहुराष्ट्रीय आहे आणि मी अल्पभूधारक. आबांचा फोन म्हणजे नातवाने नवा घेतल्यावर उतरवलेला जुना. त्यावर पाहणीच्या ऐन शेवटच्या आठवड्यात, ही कंपनी रात्री सारे गाव झोपले असता येऊन आपली नवी प्रणाली चढवून गेली. सकाळी पाहतात तो कॅमेऱ्याची खूण उजवीकडली डावीकडे, अक्षरे मुंगीएवढी, आणि बॅटरी लावावी तर बॅटरीच बेपत्ता. त्यातूनही नातवाने कॅमेरा हुडकून बाजरीचे छायाचित्र काढून दिले. पण नव्या प्रणालीने ते फोनमध्ये न ठेवता परस्पर समुद्रापार कंपनीच्या कोठारात रवाना केले, आणि वर असा तगादा लावला की आपली जागा भरत आली आहे, सबब अधिक जागेसाठी दरमहा शुल्क भरावे.

आबा बराच वेळ त्या सूचनेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वावर माझं, बाजरी माझी, आन भाडं ह्याला कशापायी?"

या प्रश्नास उत्तर देण्याइतके अर्थशास्त्र प्रिंगलसाहेबांपाशीही नसते.

पुढली पायरी याहून अवघड निघाली. फोनने विचारले, आपले स्थान जाणून घेण्याची परवानगी नेहमीसाठी द्यावयाची, वापरापुरती द्यावयाची, की मुळीच द्यावयाची नाही? नातवाने हे वाचून दाखवताच आबा उखडले. "आरं, सत्तर वर्सं हितंच हाय म्हन की त्याला!" पण यंत्र बांधिलकीची भाषा जाणत नाही. परवानगीचे बटण दाबताच नकाशा उघडला, निळा ठिपका क्षणभर आमच्या गटाभोवती घुटमळला, आणि मग काय मनात आले कोण जाणे, सरळ नीरा ओलांडून पलीकडे माळशिरस तालुक्यात जाऊन स्थिर झाला. १८३० साली परमुलखात पळून जावयास रयतेला बैल जुंपावे लागले होते. आबा मात्र हातात फोन धरून, स्वतःच्या बांधावर, पायांतल्या वहाणाही न हलवता सोलापूर जिल्ह्यात दाखल झाले. त्यांना परत आणण्यासाठी नातवाने फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला, दोन पावले पूर्वेस नेले, विहिरीच्या कठड्यावर चढवले. ठिपका नीरेच्या पात्रापर्यंत आला आणि पाण्यातच उभा राहिला.

इंदापूर तालुक्यातील ज्या दुखण्यास इंदापुरात उतार पडत नाही, त्यास बारामतीस नेण्याची वहिवाट आहे. त्याप्रमाणे मी फोन घेऊन बारामतीस गेलो. दुरुस्तीच्या दुकानात आमच्या आधी बरीच मंडळी आपापले रुग्ण हाती घेऊन बसली होती, आणि काउंटरवरचा मुलगा प्रत्येकास शांतपणे एकच औषध सांगत होता: बंद करून पुन्हा चालू करा. तेथे ताटकळताना मला मोरोपंतांची आठवण झाली. याच कऱ्हाकाठी बसून त्या पुरुषाने अष्टोत्तरशत रामायणे रचली, असे सांगतात. त्यांतील एकात तर ओठ मिटावे लागणारे अक्षरच येऊ दिले नाही. एकाच ग्रंथाच्या इतक्या आवृत्त्या काढणारा दुसरा कर्ता विरळा. परंतु नवे रामायण सिद्ध झाले म्हणून जुने आपोआप उघडेनासे झाले, किंवा पंतांचा शिष्य रात्री घरात शिरून श्रोत्याच्या पोथीतली पाने बदलून गेला, असे कोठे नमूद नाही. बारामतीकर आज उसाला पाणी किती द्यावे हे कृत्रिम बुद्धिमत्तेस विचारतात, आणि तिचे उत्तर बरोबर येते असेही ऐकतो. त्यांना आबांच्या ठिपक्याचे गाऱ्हाणे काय सांगावे, म्हणून मी गप्प बसलो.

त्या मुलाने फोन बंद केला, चालू केला, आणि कंपनीच्या मदत-क्रमांकावर बोलावयास मला सांगितले. त्या क्रमांकावरील बाईंचा आवाज फार मधुर होता. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की माझ्या उभ्या हयातीत कोणत्याही महसुली अधिकाऱ्याने मला इतका मान दिलेला नाही. परंतु त्या बाई मनुष्य नव्हत्या, हे कळावयास थोडा अवधी गेला.

हे दुःख केवळ नीराकाठचे नाही, एवढे समाधान इतिहास देतो. जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील अॅपल कंपनीने नवा आयफोन, त्याची नवी प्रणाली, अॅपचे नवे दुकान आणि 'मोबाइलमी' नावाची साठवणसेवा ही चारही कार्ये एकाच मुहूर्तावर काढली. वर्षास ९९ डॉलर भरून आपली पत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका सर्व यंत्रांवर एकसारखी राहतील, असे वचन ज्यांना मिळाले होते, त्यांतील काहींची पत्रेच दिसेनाशी झाली. आणि फोन विकत घेतलेली माणसे तो सुरू व्हावा म्हणून दुकानात खोळंबली. एका मांडवात सारी लग्ने उरकण्याची घाई झाली, ही सेवा थोडी थांबवावयास हवी होती, अशा अर्थाची कबुली स्वतः स्टीव्ह जॉब्ज यांनी पुढे आपल्या नोकरवर्गास पत्राने दिली. आणि ग्राहकांस त्यांनी दिले काय? प्रथम ३० दिवसांची, मग आणखी ६० दिवसांची विनामूल्य मुदतवाढ! हे वाचल्यावर मंत्रालय आणि कॅलिफोर्निया यांमधले अंतर माझ्या लेखी बरेच कमी झाले. जी वस्तू चालत नाही ती अधिक काळ वापरावयास देणे, हा उपाय सर्व सत्ताधीशांना स्वतंत्रपणे सुचतो, हे विशेष. ती सेवा २०१२ च्या जून अखेरीस बंद झाली; तिच्या जागी दुसरी आधीच आली होती. प्रिंगलनंतर गोल्डस्मिड, तसेच ते.

रयतेपाशी उपाय काय उरतात, हा खरा प्रश्न आहे. गोल्डस्मिड-विन्गेटांच्या व्यवस्थेत नंबर परवडेनासा झाला की सरकारास राजीनामा लिहून द्यावा आणि त्यातून मोकळे व्हावे, अशी सोय होती. फोनच्या कंपनीस राजीनामा कोठे द्यावयाचा? अटी मान्य आहेत, एवढे एकच बटण तेथे ठळक दिसते. दुसरा उपाय आमच्याच परिसरात, आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुप्याच्या बाजारात, १२ मे १८७५ रोजी आजमावला गेला. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून खते-रोखे हस्तगत करून त्यांची होळी केली, आणि मग ते लोण जिल्हाभर पसरले. त्या मार्गाचा मी पुरस्कार करीत नाही. कायद्याने तो तेव्हाही गुन्हाच होता. परंतु सुप्याचे दप्तर निदान काडीपेटीच्या टप्प्यात होते. आबांची बाजरी ज्या कोठारात आज जमा आहे, ते कोणत्या खंडात उभे आहे हे काउंटरवरच्या त्या मुलासही ठाऊक नव्हते.

असे असता गावाचे व्यवहार थांबलेले नाहीत, कारण गावाने आपली तोड काढली आहे. आबांचा नातू बारामतीस इंजिनिअरिंग शिकतो; हंगामात तो सुट्टीवर आला की त्याच्या ओट्यावर म्हातारी मंडळी आपापले फोन, खाते क्रमांक आणि कुणी-कुणी आधार कार्डाच्या मळकट प्रती घेऊन बसतात. कुणाचा गट कोणता, कुणाचे सामाईक खाते कुणाशी, कुणाच्या बांधावर किती झाडे, हे त्याला मुखोद्गत झाले आहे. कुणी शेंगा आणून देतो, कुणी पेरू, कुणी गाडीत पेट्रोल टाकून देतो. १९५१ साली कायद्याने नष्ट केलेले कुळकर्ण आमच्या गावात पुन्हा, आणि तेही मराठ्याच्या घरात, बलुत्यासकट सुरू झालेले आहे, हे महसूल खात्याच्या अद्याप निदर्शनास आलेले दिसत नाही.

पुढे यथाक्रम मुदतवाढ जाहीर झाली. ही वार्ता मी आबांना सांगावयास गेलो तेव्हा ते वावरात होते, आणि वावर मोकळे होते; कारण बाजरीस मुदतवाढीचा हुकूम पोहोचलेला नसल्यामुळे ती आपल्या वेळेस पिकली होती, कापली गेली होती आणि मळणी होऊन पोत्यांत भरलीही गेली होती. नातू म्हणत होता, आता शेत रिकामे आहे, तेव्हा चालू पड म्हणून नोंदवून टाकू. आबांना ते पटेना. पिकलेल्या रानाला पड म्हणायचे पाप कोण करणार?

"मास्तर, तुमी जरा हिकडं या," ते मला म्हणाले. त्यांनी सरमाडाच्या चार पेंढ्या आणून वावराच्या मधोमध, एकीला एक टेकवून, वाऱ्याने पडू नयेत अशा बेताने उभ्या केल्या होत्या. "ह्या बाजूनं मी धरतो, त्या बाजूनं तुमी धरा. आन ए पोरा, ठिपका नदीच्या आल्याड आला का बघ, आन काढ लवकर."