चारोळी सर

आमच्या गल्लीत "चारोळी सर कुठं राहतात?" एवढं विचारा, पानठेलेवाला तुम्हाला त्यांच्या फाटकापर्यंत आणून सोडेल. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं.

सरांच्या शेजारी पंगतीला बसू नये. श्रीखंड आलं की आपण खातो. ते त्यातली चारोळी वेचून उजेडात धरतात. "ही रामटेककडची का गडचिरोलीची?" वाढपी बिचारा म्हणतो, "अजून टाकू का जी?" इतवारीच्या किराणा ओळीतला दुकानदार मात्र मुरलेला. "सर, भाव विचारून राहिले का जंगल?"

सर चारोळीच्या झाडांचे डीएनए मार्कर शोधतात, आणि चारोळीचं पान हट्टी. डीएनए काढायला जावं, तर तपकिरी चिकट रबडी हाती येते. म्हणून कोवळी पालवी लागते, आणि ती वहिनींच्या फ्रिजमध्ये सांबाराच्या जुडीशेजारी मुक्कामाला असते: 'झाड क्र. ४७'. एकदा मोलकरणीनं ४७ नंबर कचऱ्यात टाकला. सर दोन दिवस धड जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा रामटेकची एसटी. त्यांच्या अंगाला प्रयोगशाळेतल्या मर्कॅप्टोइथेनॉलचा असा वास येतो, की आधी आंघोळ आणि मग चहा, हा घरचा कायदा. डीएनए काढायची ही रीत १९८७ साली डॉयल नवरा-बायकोनं मिळून छापली, हे सर फार कौतुकानं सांगतात. वहिनी म्हणतात, "भांडी तिनंच घासली असतील."

लग्नसराईत तर विचारू नका. कोणी ओरडलं "बँड आला!", की जेलवर डीएनएचे 'बँड' बघायची सवय असलेले सर दचकून विचारतात, "किती बेसपेअरला?"

काजू, आंबा, बिब्बा हे चारोळीचे भाऊबंद. तेव्हा आंबा-काजूचे प्रायमर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा पकडणारे आखूड धागे, उसने आणून चारोळीला लावून बघायचे. लागले तर सोयरीक जमली. "काजूचं बघा, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, सगळं नंबरानिशी. आपल्या जंगलातल्या चारीला नाव ना गाव!" मग आवाज उतरतो. आपण नाही तोडली तर दुसरा तोडेल, म्हणून लोक चारं, म्हणजे चारोळीची फळं, हिरवी असतानाच फांद्यांसकट ओरबाडतात. चांगल्या झाडाचं बी खाली पडणारच कसं?

मार्कर म्हणजे काय, हे मी एकदाच विचारलं. चूक माझीच. "सोपं आहे. डीएनएत तीच दोन-तीन अक्षरं लागोपाठ येतात. एका झाडात सात वेळा, दुसऱ्यात अकरा. एक हिस्सा आईचा, एक बापाचा, आणि दोन्ही वेगवेगळे दिसतात. तुमची आत्या वाढताना किती वेळा 'नको' म्हणते?"

"पाच."

"मोजा, मोजा. घराणं कळतं."

तेव्हापासून मला खोड लागली. सर फोन उचलतात तो "हाव, हाव, हाव" असा, कायम तीनदा. वहिनी "अहो, अहो" दोनदाच. परवा त्यांच्या चिरंजीवांना खाली खेळायला बोलावलं, तर वरून आवाज आला, "हाव, हाव, हाव, येऊन राहिलो!" आणि लगेच घरात वळून, "आई, आई, माझी बॅट?"