शिकवणार कोण?

जुलै लागला की महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक करिअरतज्ज्ञ उगवतो. बहुतेक वेळा तो मुलाचा काका असतो. त्याने स्वतः मेकॅनिकल केलेलं असतं, हयात बँकेत गेलेली असते आणि ‘आता फक्त एआय, बाकी सगळं संपलं’ हे तो असं सांगतो की वाटावं, गडी कॅलिफोर्नियातली बोर्ड मीटिंग आटोपून थेट आपल्याकडे पोहे खायला आलाय. समोर सीईटीचा पर्सेंटाइल घेऊन बसलेलं पोरगं, टेबलावर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या प्रिंटआउटची चळत आणि दारात आई, जिला एवढंच विचारायचंय की होस्टेलची मेस कशी आहे. त्या खोलीतला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न तिचाच असतो.

ऑप्शन फॉर्म भरण्याची आपली पद्धत सोपी. मागच्या वर्षीचे कटऑफ उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून खाली उतरवून काढायचे. 97 पर्सेंटाइलवाल्याने 94 ला मिळणारं कॉलेज मागायचं नाही, कारण ‘मार्क वाया जातात’. तीन पर्सेंटाइल वाया जाऊ नयेत म्हणून चार वर्षं वाया घालवायला कोणाची हरकत नसते.

2025 पासून नियमही कडक झाले. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की तो गळ्यात पडलाच, दुसरीत पहिल्या तिनांपैकी काहीही लागलं तर तेच, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे निदान वरच्या सहा ओळी तरी डोकं वापरून भराव्यात, इतकीच माफक अपेक्षा. त्या सहा ओळी आपण नेटकॅफेवाल्याला विचारून भरतो. ‘दादा, लोक काय टाकतायत?’

लोक कॉम्प्युटर टाकतायत. पण नुसतं कॉम्प्युटर आता गावंढळ वाटतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आहे, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग आहे, त्यालाच पुढे एआय-एमएलचं शेपूट आहे, एआय अँड डेटा सायन्स वेगळं आहे आणि ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी’ अशीही एक शाखा आहे. हा विनोद नाही, अधिकृत नाव आहे. एवढी नावं ऐकून प्रवेश घेतलेल्या पोराला पहिल्या वर्षी मिळतं काय, तर गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल. शेजारच्या सिव्हिलवाल्याला मिळतं तेच, बहुधा त्याच वर्गात.

नावाची पाटी बदलणं हे आपल्याकडचं सर्वात वेगवान तंत्रज्ञान. 2024 मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली आले आणि त्यांनाही सीईटी लागली. झालं, काही कॉलेजांनी लगोलग कोर्सचं बारसं नव्याने केलं. सीईटी चुकली, बाकं तीच.

त्याच सुमारास एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाही उठवली. मागणी कॉम्प्युटरला, म्हणून जागा कॉम्प्युटरला. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. पण जागा वाढवायला अर्ज पुरतो, शिक्षक वाढवायला माणूस लागतो, आणि ज्याला मशीन लर्निंग खरोखर येतं तो हिंजवडीत बसून प्राध्यापकाच्या कैक पट पगार घेत असतो. मग वर्गावर येतात ते गेल्या वर्षीपर्यंत दुसरंच काहीतरी शिकवणारे सर. बिचारे आदल्या रात्री यूट्यूबवर बघून सकाळी शिकवतात. पोरं तोच व्हिडिओ त्याच रात्री बघून आलेली असतात. उजळणी चांगली होते.

आता या गर्दीत नवं पाखरू आलंय: कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन. कल्पना अव्वल आहे. दिल्लीच्या ट्रिपल आयटीने 2017 मध्ये ही पदवी सुरू केली. कोड लिहिणाऱ्याला वापरणारा माणूस कळावा आणि चित्र काढणाऱ्याला मशीन कळावं, यात वाईट काय? आपल्याकडच्या कॉलेजांनीही ती उचलली. मात्र अडचण पुन्हा तीच. कॉम्प्युटरचे सर कसेबसे आहेत, डिझाइनचे कुठून आणणार?

भाच्याबरोबर अशीच एक ‘डिझाइन लॅब’ बघायला गेलो होतो. मशीन ओळीने, सगळ्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं, कव्हरांवर धूळ. ड्रॉइंग टॅबलेट आहेत का, असं विचारलं. आहेत ना, कपाटात आहेत. कपाटाला कुलूप, किल्ली मॅडमकडे, मॅडम नॅक मूल्यांकनाच्या कामात. भिंतीवर डिझाइन थिंकिंगचं पोस्टर होतं: एम्पथाइज, डिफाइन, आयडिएट, प्रोटोटाइप. पाचवी पायरी टेस्ट, ती एसीच्या मागे गेली होती. डिझाइन कोण शिकवतं, या प्रश्नावर दाखवणाऱ्या सरांनी अभिमानाने सांगितलं, ‘इंडस्ट्रीतून एक्स्पर्ट येतात.’ कधी? ‘बोलावलं की.’

खरं तर कॉम्प्युटर आणि अक्षर, चित्र यांचं लग्न आपल्याकडे फार आधी लागलंय, तेही लांबलचक नावाच्या पदव्या नसताना. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये मराठी वाचत आलो तो र. कृ. जोशींचा. सुलेखनकार माणूस, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे. 1969 पासून पवईत असलेल्या याच आयडीसीत पीएचडी करणाऱ्या उदय कुमार यांचं रुपयाचं चिन्ह सरकारने 2010 मध्ये निवडलं. तेव्हा ‘चित्रं काढून पोट भरतं का’ असं विचारणाऱ्या बापाला खिशातली नोट दाखवावी. तिच्यावर आहे.

पण बाप तरी काय करणार? त्याला डिझाइन आठवतं जुलैत. आयआयटीतल्या बी.डेस.साठीची यूसीड परीक्षा होते जानेवारीत, फॉर्म त्याच्याही आधी पावसाळा संपता संपता. अहमदाबादच्या एनआयडीची पहिली चाळणीही हिवाळ्यातच उरकते. यूसीडला सायन्सच हवं असंही नाही, आर्ट्स-कॉमर्सवालाही बसतो. फक्त हातात पेन्सिल धरता आली पाहिजे, कारण पेपरात चित्र काढायला लागतं. आपल्या पोराने आठवीनंतर चित्र काढलेलं नसतं, कारण ड्रॉइंगचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला असतो. मग वरातीमागून घोडं निघतं आणि वर्षाला काही लाख घेणाऱ्या खाजगी संस्थेच्या दारात जाऊन उभं राहतं. तिथे ‘पोर्टफोलिओ नसला तरी चालेल’ म्हणतात. त्यांना चालतं. चार वर्षांनी नोकरी देणाऱ्याला चालत नाही. फोर्टातलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून चालू आहे, पण त्याचं नाव काकाच्या यादीत नसतं. तिथे प्लेसमेंटचा फ्लेक्स लागत नाही ना.

फ्लेक्स हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. चौकात एक मुलगी हसते आहे, खाली तिचं पॅकेज, शेजारी अध्यक्षसाहेब तिच्या दुप्पट आकाराचे. मुलगी नोकरी बदलून परदेशात गेली, फ्लेक्स तोच आहे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे पात्र विद्यार्थ्यांपैकी शंभर टक्के. पात्र कोण, तर ज्याचा बॅकलॉग नाही, ज्याचे गुण अमुकच्या वर आहेत आणि ज्याने प्लेसमेंट सेलमध्ये नाव नोंदवलं. बाकीचे माणसात धरत नाहीत. एका हुशार पोराला तीन ऑफर आल्या की त्या तीन मोजायच्या. ऑफर आली आणि कंपनीने जॉइनिंग वर्षभर लटकवलं, तरी फ्लेक्सच्या दृष्टीने पोरगं नोकरीला लागलं.

गंमत अशी की खरा आकडा कॉलेजं स्वतःच छापतात. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणारं कॉलेज आपली माहिती वेबसाइटवर टाकतं: वेळेत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढे शिकायला किती गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार काय. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला काय मिळतं, तो हा पगार. आपलं पोरगं त्या मधल्याच्याच आसपास असणार, फ्लेक्सवर नाही. त्याच पीडीएफमध्ये पुढे शिक्षकांची यादीही सापडते, कोणाची पदवी काय, अनुभव किती. पण ती पीडीएफ कुठल्याशा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ड्रोनने काढलेला कॅम्पसचा व्हिडिओ मात्र होमपेजवर आपोआप सुरू होतो.

पीडीएफचाही कंटाळा असेल तर गेटबाहेर जावं. आत जो मिळतो तो पीआर, बाहेरच्या टपरीवर मिळतं ते शिक्षण. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला कटिंग पाजावी आणि विचारावं, सर तासाला येतात का? लॅब कितीला बंद होते? तो आधी हसेल. मग सांगेल की सबमिशनच्या आठवड्यात आम्ही प्रोग्राम हाताने जर्नलमध्ये लिहून काढतो. हो, कॉम्प्युटरचा प्रोग्राम, निळ्या पेनाने, डाव्या पानावर आउटपुट काढून. ते नीटनेटकं दिसलं की सही. जमल्यास झेरॉक्सवाल्याच्या दुकानाबाहेरची पाटीही वाचावी: ‘बीई प्रोजेक्ट तयार मिळतील, रिपोर्टसह’. अशा पाट्या गेटासमोर जितक्या दाट, तितका आतल्या लॅबचा उपयोग कमी.

एक प्रश्न मराठीप्रेमींसाठीही. पिंपरी-चिंचवडला 2021 मध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या किती घरांनी ते ऑप्शन फॉर्मवर टाकलं? असो. सण वेगळा, अ‍ॅडमिशन वेगळी.

चौथी फेरी आटोपली की कॉलेजांचे फोन सुरू होतात. नंबर त्यांना कुठून मिळतो, हा सायबर सिक्युरिटीच्या अभ्यासक्रमात घालण्यासारखा विषय आहे. परवा मलाच आला. आवाज गोड. ‘सर, सीएस अँड डिझाइनची एकच सीट उरलीये, आज कन्फर्म केली तर स्कॉलरशिप आहे.’ हीच एक सीट माझ्या मेहुण्यासाठी सोमवारीही उरली होती. मी म्हटलं, ‘ताई, डिझाइन शिकवणार कोण?’ पलीकडे शांतता. मग, ‘सर, ब्रोशरमध्ये सगळी माहिती आहे, व्हॉट्सॲप करते.’

आलं ब्रोशर. पानं भरपूर आहेत. स्विमिंग पूल आहे, त्याच्या कोचचं नाव आहे.