पोचलात की कळवा

मी बॅग उचलली की हिची एकच आज्ञा असते, "पोचलात की कळवा." मग मी आळंदीला निघालेलो असो की अथेन्सला.

या वाक्याचं गांभीर्य मला बावन्नाव्या वर्षी कळलं. नोव्हेंबरातली सकाळ होती आणि ग्रीसमधल्या मॅरेथॉन गावात मी अर्ध्या चड्डीत कुडकुडत उभा होतो. इ. स. पू. 490 मध्ये इथेच अथेन्सकरांनी इराणी फौजेला पाणी पाजलं आणि ती बातमी घेऊन एक जण अथेन्सपर्यंत धावला. पोचला, कळवलं आणि गतप्राण झाला. आज्ञापालनाचा इतका कडेलोट कुठल्या नवऱ्यानेही केला नसेल.

इतिहासकार हेरोडोटसला मात्र ही धाव ठाऊकच नाही. त्याचा धावपटू लढाईआधी स्पार्टाकडे मदत मागायला पळतो, सुमारे 240 किलोमीटर. स्पार्टावाले म्हणतात, येतो, पण पौर्णिमा होऊन जाऊ दे! अथेन्सच्या धावेची गोष्ट येते प्लुटार्ककडे, सुमारे 600 वर्षांनी, तीही वेगळ्याच नावाच्या माणसावर घातलेली. पण मी नोंदणीचे युरो भरून बसलो होतो. आता ती खोटी मानणं परवडणारं नव्हतं.

मॅरेथॉन हे नाव बडीशेपेच्या ग्रीक शब्दावरून आलंय. आपल्याकडे बडीशेप जेवण झाल्यावर. इथे ती आधी आणि 42.195 किलोमीटरचं ताट नंतर.

पाचेक किलोमीटरवर लढाईत पडलेल्या 192 अथेनियनांच्या समाधीचं टेकाड लागतं. त्याला वळसा घालताना मी श्रद्धेने वेग कमी केला. तो पुन्हा वाढला नाही. कारण दहाव्या किलोमीटरपासून जो चढ लागतो, तो एकतिसाव्यापर्यंत पिच्छा सोडत नाही. 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये स्पिरिडॉन लुईस नावाचा पाणक्या याच वाटेवर 2 तास 58 मिनिटं 50 सेकंदांत जिंकला. तेव्हा अंतर जेमतेम 40 किलोमीटर होतं, हा माझा एकमेव दिलासा. वाटेत पिकेर्मी गावी त्याने म्हणे वाईनचा पेला रिचवला. मला तिथवर मिळालं ते टूथपेस्टसारखं पिळून खायचं गोड जेल.

पुढे काळ्या कपड्यांतल्या एका आजींनी "ब्राव्हो, ब्राव्हो" म्हणत हातात ऑलिव्हची डहाळी कोंबली. टाकावी तर आजी बघतायत, धरावी तर हात घामाने निसटतोय. शेवटी टोपीत खोचली. पोळ्याच्या बैलासारखा सजून मी अथेन्सात शिरलो. फरक इतकाच, की बैलाला त्या दिवशी सुट्टी असते.

पूर्ण संगमरवरी पानाथेनाइक स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा 5 तास 48 मिनिटं झाली होती. मी तिथेच फतकल मारली, कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि थरथरत्या अंगठ्याने लिहिलं, "पोचलो."

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं, "विमान शुक्रवारी उतरलं. ते मला शेजारच्या काकूंनी तुमचे फेसबुकवरचे फोटो दाखवले तेव्हा कळलं. आज रविवार आहे."

प्लुटार्कच्या मानाने मी पुष्कळच लवकर कळवलं होतं. पण हे तिला कळवायचं धाडस झालं नाही.