गिअर किती आहेत हिला?

मावळात शर्यतीचा बैल घ्यायचा तर चार जाणती माणसं सोबत जातात. दात बघतात, खूर बघतात, छाती बघतात, चालवून बघतात. आदत आहे की दुसा, यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. त्याच घरात पोराला सायकल घ्यायची वेळ आली की बाप एकटाच तळेगावला दुकानात जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "गिअर किती?"

सध्या पोरं अडून बसलीत बीएमएक्सवर. मोबाइलच्या रीलमध्ये कुणीतरी सायकलसकट हवेत कोलांटी मारली आणि इकडे नवलाख उंबरे गावात एक जण जेवेनासा झाला. मग दुकानात जे होतं ते असं:

"गिअर किती?"

"एकच."

"शॉकअप?"

"नाही."

"मडगार्ड, कॅरिअर, स्टँड?"

"हिला नसतंच ते."

"पुढचा ब्रेक तरी?"

"बहुतेक तोही नसतो."

"आणि सीट एवढी खाली का?"

"हिच्यावर बसायचं नसतं, दादा. उभं राहून चालवायची."

"मग पैसे कशाचे घेता?"

प्रश्न रास्त आहे. पैसे पोलादाचे. स्वस्तातली फ्रेम साध्या हाय-टेन पोलादाची असते, चांगली क्रोमोलीची. क्रोमोली जास्त चिवट, म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. मागच्या चाकाचा एक्सल 14 मिलिमीटरचा, साध्या सायकलचा 10 च्या आसपास. आरे बहुधा 36. क्रँक तीन तुकड्यांचा. हा सगळा खर्च एवढ्याचसाठी, की छातीभर उंचीवरून आपटल्यावर चाक गोल राहावं आणि पोराचे दात तोंडात. बाजारात वीस इंची कुठल्याही सायकलला "बीएमएक्स" असा स्टिकर लावलेला मिळतो. बापानं स्टिकर न वाचता एक्सल बघावा. शाळेत जायला-यायला स्टिकरवालीही वाईट नाही, फक्त तिच्यावरून ओढा ओलांडायला जाऊ नये.

दुसरा घोळ मापाचा. "मोठीच घे, दहावीपर्यंत चालेल," हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला बीएमएक्सपाशी लंगडा पडतो. लहान पोरांना 12, 14, 16, 18 इंची चाकं मिळतात. साधारण पावणेपाच-पाच फूट उंची झाली की 20 इंच, आणि तिथून पुढे कितीही वाढा, चाक 20 इंचच. सातवीतलं पोरगं आणि ऑलिम्पिकमधला सहा फुटी गडी, दोघांचं चाक सारखं. उंचीबरोबर वाढतो तो सीट आणि हँडल यांच्यामधला आडवा दांडा. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर हा दांडा 20 इंचांचा पुरे. साडेपाच फुटांना साडेवीस, पावणेसहाला पावणेएकवीस, सहा फुटांना 21 किंवा थोडा जास्त. शर्यतीच्या सायकलींना तर मिनी, ज्युनिअर, एक्सपर्ट, प्रो अशी नावंच आहेत, शर्टाच्या मापासारखी.

अर्ध्या इंचानं काय बिघडतं? दांडा लांब झाला की पोराला पुढचं चाक उचलवत नाही. आखूड झाला की वळताना गुडघा हँडलला लागतो. तेव्हा पोराला भिंतीला पाठ लावून उभं करा, खडूनं रेघ मारा, टेप लावा, आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. दुकानदार म्हणेल, "सीट वर करून देतो." बीएमएक्सची सीट वर केल्यानं माप वाढत नसतं. सीट खाली असते ती हवेत मांड्यांच्या आड येऊ नये म्हणून.

तिसरा घोळ प्रकाराचा, आणि तो पोराचा आहे. बीएमएक्स म्हणजे एक सायकल नाही. शर्यतीची वेगळी: हलकी, अरुंद आणि टणक हवेचे टायर, फक्त मागचा ब्रेक. ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत 2008 साली बीजिंगला आली. आठ मीटर उंच उतारावरून आठ जण एकदम सुटतात आणि चारएकशे मीटरच्या वळणावळणाच्या मातीत चाळीस सेकंदांच्या आत निकाल लागतो. पार्कची वेगळी: तिला लाकडी किंवा सिमेंटचे बाकदार उतार लागतात, ती टोकियोत 2021 साली आली. स्ट्रीटची वेगळी: तिला पायऱ्या, कठडे, रेलिंग हवेत. फ्लॅटलँडची आखूड, ती नुसत्या सपाट फरशीवर गिरक्या घेते. आणि डर्टची: रुंद टायर, मातीचे उंचवटे, बास.

रीलमधला गडी बहुधा पार्क नाही तर स्ट्रीटवाला असतो. आता नवलाख उंबऱ्याकडं बघा. पार्क नाही. रेलिंग म्हणाल तर बँकेच्या पायऱ्यांना असेल, तिथं वॉचमन आहे. रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रेलर आणि डंपर, त्यांच्यापुढे कसरत नको. सपाट फरशी देवळाच्या सभामंडपात आहे, पण तिथं आजी बसतात आणि त्यांच्यापुढे फ्लॅटलँड चालत नाही. राहिली माती. ती मात्र मुबलक: मुरूम, खडी, पाया खणून बाहेर टाकलेले ढीग. गावची जमीन सरळ सांगते आहे की डर्टची घे. पोरगं मागच्या चाकाला लोखंडी नळकांडी लावलेली स्ट्रीटची घेतं. ही नळकांडी मुळात कठड्यावरून घसरत जायला असतात. आपल्याकडे त्यावर मित्र उभा राहतो आणि डबलसीट क्लासला जातो.

गंमत इतिहासाची आहे. साठच्या दशकाच्या शेवटाला नि सत्तरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या शर्यती बघून वेडी झाली. मोटरसायकल हाती येण्यासारखी नव्हती, म्हणून श्विन स्टिंग-रेसारख्या छोट्या सायकली घेऊन ती मोकळ्या प्लॉटातल्या मातीत घुसली. त्यातून बीएमएक्स जन्मली. आपल्याकडं गाडी उलट्या दिशेनं धावते. एमआयडीसीत जमीन गेली की सोळाव्या वर्षी लायसन्सच्या आधी मोटरसायकल दारात येते, तिचा पिकअप कौतुकानं सांगितला जातो, आणि सायकल मागितली की विचारतात, "गिअर किती?"

बरं, मावळाला शर्यतीचं वावडं आहे असंही नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे गडी बोरघाट चढून इथूनच पुण्याला गेले. बैलगाड्यासाठी तर अख्खा तालुका लढला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 च्या मेमध्ये निकालही शर्यतीच्या बाजूनं लागला. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, पुढारी पुढे झाले. बैलगाडे धावतात त्या घाटासाठी एवढं करणाऱ्यांना पोरांसाठी अर्धा एकर गायरान मागायला जड का जावं? नाहीतर घाट आहेच. यात्रेचे दिवस सोडले तर तो मोकळा पडलेला असतो आणि त्याला चांगला उतार असतो. बैल वर धावतात, सायकली खाली सुटतील. ऑलिम्पिकवाले उतार बांधायला लाकूड-लोखंड वापरतात, आपला मातीचा आयता आहे. पोराच्या डोक्याला मात्र त्याच्याच मापाचं हेल्मेट हवं, काकांच्या स्कूटरचं नको.

बाकी उंचवटे घालायचं काम यंत्राचं, आणि यंत्र तर तळेगाव एमआयडीसीतच बनतं. पण आपल्याकडं जेसीबी मिरवणुकीत उभा करतात. नवनिर्वाचित सदस्य खाली हात जोडून चालतात आणि वरून बकेटभर झेंडूची फुलं पडतात. छान दिसतं, आमचं काही म्हणणं नाही. एवढंच सुचवतो की जेसीबीचं भाडं तासावर असतं आणि फुलं पाडायला पाच मिनिटं पुरतात. उरलेली पंचावन्न मिनिटं गावानं आधीच भरलेली असतात. ड्रायव्हरला तेवढं घाटाच्या पायथ्याशी पाठवा. आणि पोराचा बाप तिथं मापाचा टेप घेऊन आला, तर त्याला जाणत्या माणसांत बसवा.