मीटरचा लाल दिवा

"ताई, तुमच्या डिशवॉशरमध्ये पाणी तापत नाहीये का हो?"

मी शेवग्याच्या शेंगा पाडत होते, ती काठी तशीच वर राहिली. भिंतीपलीकडे वहिनी कुंड्यांना पाणी घालत होत्या, मान वर न करता. आता आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी तापतंय की नाही, हे शेजारच्या बाईला कसं कळावं?

त्याचं असं आहे, आमचा जुळा बंगला. दोन्ही मीटरं एकाच पेटीत, शेजारी शेजारी. आणि वहिनी म्हणजे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या निदेशक होत्या. त्यांची रात्रीची शतपावली नेमकी त्या पेटीवरून जाते.

"तुमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय बघा. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मशीनमधला हीटर दोन हजार वॅटचा धरला, तर सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायला हवा. काल रात्री तुमचं मशीन घरघरत होतं आणि दिवा बापडा डुलक्या काढत होता. नुसती मोटर चाललीय, हीटर नाही."

मग मलाही कबूल करावं लागलं. तीन आठवडे हेच चाललं होतं. वाट्या हाताला तेलकट, कुकरच्या झाकणाला तुपाचा पांढरा थर, आणि डिटर्जंटची वडी अर्धी न विरघळता तळाशी. आधी मी वडीला नावं ठेवली, महागातली आणली. मग आमच्या ह्यांना, कारण भांडी लावतात ते, आणि पातेली उपडी घालायची असतात हे त्यांना २०२० पासून सांगतेय. (लॉकडाऊनमध्ये मावशी येईनात, तेव्हा घेतलेलं मशीन. आमच्या गल्लीत तेव्हा चार घरांत आलं.) शेवटी टँकरच्या पाण्याला. मीठ संपलंय म्हणून पाणी जड राहतंय, असं समजून मीठही भरलं. साधं नाही हो, मशीनचंच जाड मीठ.

"मिठाचे डाग कोरडे आणि खरखरीत असतात," वहिनी म्हणाल्या. "तुमचं तूप गोठतंय. धुणं संपल्यावर दार उघडलंत तर वाफ येते का तोंडावर?"

नाही येत. किती दिवसांत आली नाही, तेही आठवेना. चष्म्यावर वाफ बसत नाही म्हणून मी उलट खूशच होते!

"आणि वेळ?"

तेही होतंच. आकडा पंचेचाळीस मिनिटांवर येतो आणि तिथेच ठिय्या देतो. मला वाटायचं, मशीन म्हातारं झालं. वहिनी म्हणाल्या, म्हातारं नाही, ते पाणी तापायची वाट बघतंय. प्रोग्राम आहे पासष्ट अंशांचा, तोवर पुढे सरकायचं कसं? शेवटी कंटाळून गार पाण्यातच उरकतं.

कंपनीच्या माणसाला फोन केला होता, हेही मग सांगून टाकलं. त्याने मशीन न बघताच निदान केलं. बोर्ड गेलाय, साडेनऊ हजार.

हे ऐकल्यावर वहिनींनी झारी खाली ठेवली. पाच मिनिटांत त्या मल्टीमीटर घेऊन आमच्या ओट्यापाशी हजर. पहिलं काम, प्लग काढायला लावला. बटण बंद करून भागत नाही, म्हणाल्या, प्लग हातात दिसला पाहिजे. मग ह्यांच्याकडून मशीन पुढे ओढवलं, खालचा पत्रा काढला आणि हीटरच्या दोन टोकांना तारा लावल्या. सत्तावीस ओहम.

"हीटर ठणठणीत आहे. जळला असता तर आकडाच आला नसता."

मग टोक आणि पत्रा यांच्यात मोजलं, कुठे करंट उतरत नाही ना म्हणून. तसं असतं तर आरसीसीबी कधीच पडला असता, पण त्या मोजल्याशिवाय पुढे जाणाऱ्या नव्हेत. त्यानंतर तापमान ओळखणारा सेन्सर, शेंगदाण्याएवढा. तो त्यांनी माझ्या चहाच्या आधणात बुडवला. पाणी जितकं गरम तितका ओहमचा आकडा खाली यायला हवा, तसा तो सरसर उतरला. आधण मी ओतून दिलं, ते वेगळं.

"म्हणजे राहिला बोर्डच," ह्यांनी विजयी मुद्रेने सांगितलं. "तो माणूस बरोबर होता."

"बरोबर होता, पण साडेनऊ हजारांचा नव्हता."

बोर्ड उलटा करून त्यांनी खिडकीपाशी धरला. काळी चौकोनी डबी म्हणजे रिले, हीटर चालू-बंद करणारा. त्याच्या एका पायाभोवती तपकिरी कडं आणि डाखात केसाएवढी भेग. आठ-नऊ अँपिअर करंट रोज त्या एका ठिपक्यातून जाणार, डाख तापणार, गार होणार, मग कधीतरी सुटणार. मोटरचा रस्ता वेगळा, म्हणून मशीन घरघरतच राहतं आणि आपण वडीला शिव्या घालतो.

वहिनींचा एक जुना विद्यार्थी दुरुस्तीची कामं करतो. त्याने तपकीर गल्लीतून रिले आणला आणि बदलला. सगळे मिळून साडेचारशे रुपये. वर पोह्यांची एक ताटली, ती हिशेबात धरत नाही.

त्या रात्री मशीन लावलं आणि मीही गेले मीटरपाशी. दिवा कसला नाचत होता! वहिनी शतपावली थांबवून म्हणाल्या, "आता कसं?"

तेव्हापासून मला त्या पेटीची सवयच लागलीय. परवा दुपारी तीन वाजता कपडे वाळत घालताना सहज बघितलं, तर शेजारचं मीटर लखलख करत होतं. गिझर म्हणावं तर ऐन मे महिना, आणि त्यांच्याकडे सोलर. वहिनींना डॉक्टरांनी मैदा-साखर बंद केलीय, भाऊ गावाला गेलेले.

मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "वहिनी, ओव्हनमध्ये काय ठेवलंय हो?"

बराच वेळ उत्तर नाही. मग खिडकीतून आवाज आला, "या. पण ह्यांना सांगू नका."