अर्थिंगचा अश्वमेध

मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांना इंजिनातलं फारसं कळत नाही, हे आता मान्य करायला हवं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीला आणि इंजिनला काळ्या, गरीब चेहऱ्याच्या वायरी जोडल्या की ते मोकळे. सुधारित अर्थिंग किटमध्ये मात्र निळ्या-लाल जाडजूड वायरी असतात, वर सोनेरी लग. बॉनेट उघडताच शेजारी थांबून बघतात.

या किटनं इंजिनाची शक्ती वाढते यात वादच नाही. चालत्या गाडीत अर्थच्या वाटेनं 40 अँपिअर जातात आणि नव्या वायरींमुळे तिथली व्होल्टेजची घट 0.1 व्होल्टनं कमी झाली, असं उदार मनानं धरलं, तर 4 वॅट वाचतात. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणजे घोडा नाही, पण शेपटीचे चार केस नक्कीच पदरात पडतात.

मग किटमध्ये पाचच वायरी का? पन्नास लावाव्यात आणि पेट्रोलची टाकी काढून डिकी मोठी करावी. घरातल्या मिक्सरलाही जाड अर्थिंग द्यावं, चटणी आपसूक बारीक होईल. काही संशयात्मे गाडी डायनोवर चढवून शक्ती मोजायला सांगतात. पण त्या यंत्राला मालकाचं समाधान कुठे मोजता येतं!

शिवाय जुन्या गाडीत किट बसवल्यावर सेल्फ खरोखरच झटकन लागतो, दिव्यांची फडफड थांबते. त्यासाठी मेकॅनिक आधी गंजलेला लग सोडवतो आणि खालची जागा पॉलिश पेपरनं लख्ख घासतो.

पॉलिश पेपर किटमध्ये येत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो.